माझा कॉम्प्युटर आणि आप्पांची भिंत

पुण्याहून निपाणीला येणाऱ्या एस.टी.त मी कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टरने खोक्याकडे बोट करून "ह्यात काय?" म्हणून विचारलं. कॉम्प्युटर, असं सांगितलं तर म्हणाला, "बाई, चेष्टा करू नका, लगेजचं तिकीट घ्या." त्याचंही काही चुकलं नव्हतं. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. कॉम्प्युटर म्हणजे कपाटाएवढं, थंड खोलीत ठेवायचं काहीतरी असतं एवढंच लोकांना माहीत होतं, आणि माझं खोकं तर साडीच्या खोक्याहून जरासं जाड. मी तिकीट घेतलं आणि खोकं मांडीवरच ठेवलं.

त्या वेळी मी बेळगावात एका पॉलिटेक्निकमध्ये गणित शिकवत होते आणि पिरनवाडीला भाड्याच्या खोलीत राहत होते. कॉलेजात कॉम्प्युटर होता, पण तो कुलपात. किल्ली एका सरांच्या खिशात. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या, आणि आत गेल्यावर सर आपल्या मागे उभे राहायचे, जणू मी बटणं उपटून पर्समध्ये घालणार आहे. त्या किल्लीचा मला इतका संताप यायचा की शेवटी स्वतःचाच कॉम्प्युटर घ्यायचा असं ठरवून टाकलं. ठरवलं तेव्हा एक गोष्ट मात्र डोक्यात आली नाही. घरगुती कॉम्प्युटरला टीव्ही लागतो, आणि माझ्या खोलीत टीव्ही नव्हता. तो होता निपाणीला, आईआप्पांच्या घरी. त्यामुळे कॉम्प्युटर निपाणीला राहायला गेला आणि मी दर शनिवारी त्याला भेटायला.

पहिल्या शनिवारी मी टीव्हीच्या लाकडी पेटीची दारं उघडली, अँटेनाची वायर काढली आणि तिच्या जागी कॉम्प्युटरची वायर खुपसली. आई दाराशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. वळता वळता म्हणाली, "टीव्ही बिघडवलास तर रविवारी मी काय तुझं तोंड बघू व्हय?" तासभर ट्यूनिंगचं बटण फिरवत होते. नुसत्या मुंग्या. मग एकदाची मुंग्यांतून पांढरी पाटी दिसली आणि तिच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ. मी टाळी वाजवली. आईने एकदा वर पाहिलं आणि पुढची विडी घेतली.

त्या कॉम्प्युटरला बंद केलं की काही म्हणून आठवत नसे. केलेलं काम टेपरेकॉर्डरवर, साध्या कॅसेटमध्ये भरून ठेवायचं आणि परत हवं असलं की कॅसेट वाजवून त्याला ऐकवायचं. आवाज असा कर्कश की शेजारच्या मावशी डोकावून गेल्या, "काय गं, मांजर अडकलंय व्हय कुठं?" आवाजाचं बटण केसभर इकडेतिकडे झालं तरी यंत्र रुसायचं. नवव्या का दहाव्या वेळेला नेमकी जागा सापडली, तेव्हा मी कपाळाची टिकली काढून बटणाशेजारी खुणेसाठी चिकटवली.

सगळं जमल्यावर मी आप्पांना हाक मारली. ते कॉटवर बसून केव्हापासून बघत होते, उजवा हात डाव्या काखेत दाबून. ती त्यांची बसायची नवीन पद्धत होती. मी इंग्रजीत त्यांचं नाव टाइप करून दाखवलं.

"मराठी येतंय व्हय ह्यात?"

"नाही, आप्पा."

"मग कानडी?"

"तेही नाही."

"मग आपल्या कुणाचंच न्हाय म्हण की," म्हणाले आणि उठून बाहेर गेले.

मला झोंबलं ते. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण आप्पांचा सगळा जन्म अक्षरांत गेला होता. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गठ्ठ्यांवर मार्का घालायचं काम त्यांचं. व्यापाऱ्याचं नाव, गाव, नंबर. पत्र्यात अक्षरं कापून ते स्वतः साचे करायचे आणि गठ्ठ्यावर साचा धरून वरून काळा रंग मारायचे. बाहेर दुकानांच्या पाट्याही रंगवायचे, त्या मात्र साच्याशिवाय, नुसत्या हाताने. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या भिंतीवर वैशाखी पौर्णिमेचा मजकूर दरसाल तेच लिहीत. मी शाळेत असताना इतर मुलींचे वडील काय काय असायचे, पण माझे वडील लांबून वाचता यायचे.

मग दीड वर्षापूर्वी हाताला कंप सुरू झाला. आधी नुसता अंगठा, मग मनगटापर्यंत. वखारीतला ब्रश दुसऱ्याच्या हातात गेला. तक्रार कुणीच केली नाही, आप्पांनीही नाही. मागच्या पौर्णिमेला भिंत पांढरीच राहिली होती, आणि या वर्षी विहाराच्या कमिटीतले अण्णा घरी येऊन, "आप्पा, औंदा तुमास्नी तरास नको, कोल्हापूरचा पेंटर बोलवूया म्हंतोय," असं फार गोड बोलून गेले होते. आप्पा म्हणाले, "बरं हुईल." त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं आईने मला सांगितलं. पौर्णिमेला तेव्हा दीड महिना होता.

मी काही डॉक्टर नव्हते. पण कॉम्प्युटरबरोबर आलेलं पुस्तक मी शेवटपर्यंत वाचलं, आणि त्यात एक गोष्ट सापडली. त्या यंत्राला आपल्या मनाच्या आकृत्या शिकवता यायच्या. जास्तीत जास्त एकवीस. प्रत्येक आकृतीला आठ आडवी आणि आठ उभी घरं. जे घर काळं हवं ते भरायचं, मग ओळीओळीचे आकडे करून यंत्राला द्यायचे. पुढच्या शनिवारी मी बेळगावहून आलेखवही घेऊन आले आणि आप्पांच्या समोर बसून मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "मराठी आणते आता ह्यात."

मी घरं मोजून "क" काढला, आकडे घातले. टीव्हीवर उमटला.

आप्पा मान वाकडी करून बघत राहिले. "हे काय म्हनायचं?"

"क."

"व्हय? मला वाटलं खेकडा हाय."

आई खुदकन हसली. माझा पारा चढला. मी वही त्यांच्या पुढ्यात सरकवली. "मग तुम्हीच करून दाखवा."

बोलून गेले आणि जीभ चावली. आईचा हात पानावर थांबला. तो हात चारचौघांत काखेतून बाहेर काढलेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. आप्पा वहीकडे बघत होते. मग म्हणाले, "वर दोन वळी मोकळ्या सोडायच्या, वेलांटीला. आनि डोक्यावरची रेघ ह्या टोकापासनं त्या टोकापतोर न्यायची, न्हायतर शेजारचं अक्षर तुटून ऱ्हातंय." मी पेन्सिल घेतली तर म्हणाले, "दे हिकडं."

पेन्सिल कागदावर टकटक वाजली. घराच्या कडेबाहेर गेली, आत आली, परत बाहेर. पण घर भरलं. भरलेलं घर भरलेलंच दिसतं, हात कितीही हलला तरी. त्यांनी दुसरं भरलं, तिसरं भरलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्यात रेघ मारायची न्हाय. नुसतं घर भरायचं." मी "हो" म्हटलं.

त्यांनी पहिलं अक्षर केलं ते "व". मी आकडे घातले. सुरेख उमटलं, फक्त गोलाला एका बाजूला फट होती.

"आप्पा, हे एक घर भरायचं राहिलं."

"ऱ्हायलं न्हाय, सोडलंय. आतलं पडंल की."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला. पत्र्यात "व" कापताना गोल पूर्ण कापला तर आतला तुकडा खाली पडतो आणि अक्षराचं नुसतं भोक होतं. म्हणून एका बाजूला बारीकशी पट्टी सोडायची. तीस वर्षं त्यांनी ती सोडली होती. निपाणीतून जाणाऱ्या गठ्ठ्यांवरच्या प्रत्येक "व"ला, "ब"ला, "ठ"ला तशी फट असायची.

"हा पत्रा नाही, आप्पा. इथं आतलं पडत नाही."

"न्हाय पडत?"

"नाही."

त्यांनी उठून टीव्हीच्या काचेला बोट लावून पाहिलं. परत येऊन ते घर भरलं, फार सावकाश. मी पुन्हा आकडे घातले. काळाभोर, अखंड "व" पडद्यावर आला. आप्पा बघत राहिले. आपल्या हाताकडे बघितलं, परत पडद्याकडे.

"हलत न्हाय गं," म्हणाले.

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी टेपरेकॉर्डरला उगाच शिव्या घालत कॅसेट शोधायला लागले.

त्यानंतर आमचे तीन शनिवार असेच गेले. मी नसले की आप्पा आठवडाभर वहीत घरं भरून ठेवायचे आणि मी आल्या आल्या, पायावर पाणी घ्यायच्या आत, पानं पुढं करायचे. एकदा वीज गेली आणि अर्ध्या दिवसाची अक्षरं पुसली गेली. मी कपाळाला हात लावला, तर आप्पाच म्हणाले, "वहीत हाईत की. यंत्र इसरलं म्हनून मी इसरतोय व्हय?" एकविसावं अक्षर झालं त्या दिवशी मी त्यांना त्या अक्षरांतून शब्द जुळवायला शिकवलं. कुठली अक्षरं हवीत ते त्यांनीच ठरवलं होतं. तीच का, ते मी विचारलं नाही. मी आपल्याच तंद्रीत होते. आता पुण्याहून छपाईचं यंत्र आणायचं, कॉलेजातल्या किल्लीवाल्या सरांना बोलावून दाखवायचं, असे माझे बेत चालले होते. माझ्या कॉम्प्युटरने माझ्या वडिलांना अक्षर परत दिलं, असं मी बेळगावात दोनतीन जणांना सांगूनही मोकळी झाले होते.

पौर्णिमेच्या आधीच्या शनिवारी घरी पोचले तर टीव्हीची दारं बंद. कॉम्प्युटर त्याच्या खोक्यात, वरून सुतळीने बांधलेला. आप्पा घरात नाहीत.

"काय झालं गं आई?"

"काय हुतंय? हिराकडं हाईत," आई म्हणाली. विहाराला ती हिरा म्हणायची.

मी पिशवी तशीच खांद्यावर घेऊन गेले. विहाराच्या लांबलचक पांढऱ्या भिंतीवर सूत धरून खडूच्या रेघा मारलेल्या होत्या. आडव्या, उभ्या, वीतवीतभर घरं. आप्पा स्टुलावर बसले होते. आलेखवहीची पानं शेजारी दगडाखाली. ते पानाकडे बघत, घर मोजत आणि ब्रशने ते घर निळं करत. हात हलत होता. चांगलाच हलत होता, आणि ब्रश घरातल्या घरात. बाहेर गेलेलं ओल्या फडक्याने पुसत होते. कमिटीतले अण्णा रंगाचा डबा धरून उभे होते, तेच, कोल्हापूरचा पेंटर बोलवणारे. अर्धी ओळ झाली होती, आणि मला ती रस्त्याच्या पलीकडूनच वाचता आली होती.

माझ्या तोंडून निघालं काय, तर "आप्पा, कॉम्प्युटर खोक्यात कशाला घातला?"

त्यांनी मान वळवली नाही. "बेळगावला घिऊन जा तू. तुझं काम अडतंय. मला न्हाय लागत आता."

इतक्या हौसेने आणलेली वस्तू कुणी अशी परत केली, तर मी एरवी आठ दिवस बोलले नसते. त्या दिवशी मात्र मला इतका आनंद झाला की भररस्त्यात हसू आवरेना.

अण्णांनी डबा खाली ठेवला आणि भिंतीपासून लांब होऊन पाहिलं. आठ घरांचं अक्षर भिंतीएवढं केल्यावर त्याच्या गोलाईला पायऱ्या पडतात, तशा पडल्या होत्या. अण्णा म्हणाले, "आप्पा, समदं झाल्यावर कोपरं तेवढं कुणाकडनं तर गोल करून घिऊया. पयल्यासारकं दिसंल."

"कुनी हात लावायचा न्हाय," आप्पा म्हणाले. "माझं अक्षर आता असंच हाय." आणि त्यांनी ब्रश रंगात बुडवला.