माईकची पिन

अध्यक्ष खुर्चीतून उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी माईकची पिन काढून टाकली.

माझे वडील, अण्णा, गात होते. आवाज एकदम लहान झाला. त्यांना वाटलं, लाईट गेली. त्यांनी वर पाहिलं. पंखा फिरत होता. मग त्यांना कळलं.

"बस झालं," अध्यक्ष म्हणाले. "हे वाचनालय आहे. इथं जातपात आणायची नाही."

अण्णांनी खंजिरी खाली ठेवली. "चुकलं साहेब," म्हणाले.

"आता आलाच आहात तर मागच्या खुर्च्या आत घ्यायला लागा."

आणि अण्णा लागले. सत्तरी ओलांडलेला माणूस. त्या दिवसासाठी इस्त्री केलेला पांढरा सदरा. रिकाम्या खुर्च्या एकावर एक चढवत होता. माझे वाचक बसल्या जागेवरून बघत होते. मी त्या वाचनालयाची ग्रंथपाल. कार्यक्रम मीच ठेवलेला. अण्णांना मीच आणलेलं.

कार्यक्रमाचं नाव होतं 'घरची गाणी'. रविवारची सकाळ. ज्याच्या घरात जे गायलं जायचं ते त्यानं इथं येऊन गावं, एवढंच. एका बाईंनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. लोकांनी डोळे पुसले. रोज उर्दू पेपर वाचायला येणाऱ्या रिटायर मास्तरांनी लग्नातलं दखनी गाणं म्हटलं. लोक हसले, टाळ्या दिल्या. मग अण्णा उठले.

अण्णांनी उमर घातली लासूर स्टेशनला, आडत बाजारात हमाली करण्यात. दिवसा पोती, आणि जयंतीच्या दिवसांत गायनपार्टी. गाणी स्वतः बांधायचे, लिहायचे नाहीत. त्या दिवशी त्यांनी बांधलेलंच एक म्हणत होते.

पाठीवर पोतं, पोत्यात दाणं,
पोरीच्या दप्तरात माझं गाणं.

इथपर्यंत सगळे माना डोलवत होते. अध्यक्षसुद्धा. पुढचं कडवं आलं.

आडतीच्या दारी रांजण गार,
आमच्या ओंजळीत वरून धार.

एवढंच. यात कुणाचं नाव नव्हतं, शिवी नव्हती. पाणी कसं मिळायचं ते होतं. पण अध्यक्ष उठले.

मी काय केलं? काहीच नाही. नवऱ्याचं वाळूजच्या कंपनीतलं काम सुटलेलं. मुलगी बारावीला. वाचनालय संस्थेचं, संस्था अध्यक्षांची. मी पुढं झाले, अण्णांच्या हातातली खुर्ची धरली, तर त्यांनी हळूच ओढून घेतली. "सोड माय. तुझी नोकरी हाय इथं."

घरी जाताना ते माझ्या स्कुटीवर मागं बसले. छावणी ओलांडली, पडेगाव आलं. खंजिरी पिशवीत होती. ती त्यांनी घरात माळ्यावर टाकली. सकाळी दाढी करताना गुणगुणायची त्यांची सवय होती. ती गेली. मुलगी म्हणाली, "आजोबा, म्हणा की काहीतरी." ते म्हणाले, "आता घसा चालंना बाई." घसा चालत होता. मला माहीत होतं.

त्यानंतर वाचनालयात जाणं म्हणजे रोज त्याच खोलीत जाणं. तीच भिंत, तोच प्लग. मी तिथं बसून पुस्तकं द्यायची, घ्यायची.

मी लागले तेव्हा आमच्या लोकांची आत्मचरित्रं संडासाजवळच्या कपाटात होती. ओल धरलेली. मी ती उचलून दारासमोर मांडली. अध्यक्ष म्हणाले होते, "इतकी पुढं कशाला?" पण राहू दिली. लोक न्यायला लागले. परत आणून देताना म्हणायचे, "बाई, काय जळजळीत भाषा आहे हो." मला बरं वाटायचं. वाटायचं, चाललंय काहीतरी. त्या रविवारनंतर बरं वाटणं बंद झालं. पुस्तक चालतं, कारण ते बोलत असताना मिटता येतं. तेच दुःख सदरा घालून समोर उभं राहिलं, गळा उघडून गायला लागलं, की नाय चालत. मग पिन काढायची.

आणि 'पण'. अध्यक्ष पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे, "या आमच्या ग्रंथपाल. आरक्षणातून आल्यात, पण कामाला चांगल्या आहेत." इतकी वर्षं मी त्या 'पण'वर हसून नमस्कार करत आले. ग्रंथालयशास्त्राची पदवी त्या 'पण'च्या खाली. आता तो शब्द ऐकला की नमस्काराला हात उठायचे नाहीत. सोडून जावं तर जावं कुठं? राहावं तर बसावं कसं?

पावसाळा संपता संपता सरकारी तपासणी लागली. वाचनालयाचा दर्जा वाढवायचा होता. अध्यक्षांनी दर्शनी भिंतीवर मोठा फलक लावून घेतला. मी सकाळी दार उघडलं तर समोर अण्णा. त्या रविवारचा फोटो, माईकसमोर उभे, खंजिरी वर, तोंड उघडलेलं. खाली लिहिलेलं, 'सर्व समाजघटकांचा सहभाग'.

मी किल्ली हातात धरून तशीच उभी राहिले. आवाज काढून घेतलेला माणूस त्यांनी भिंतीवर लावला होता.

दुपारी तपासणीच्या मॅडम आल्या. रजिस्टरं बघितली, कपाटं बघितली. मग फलकापाशी थांबल्या. "हे गायक कोण?"

"आमच्या भागातले लोककलावंत," अध्यक्ष म्हणाले. "फार सन्मान केला आम्ही त्यांचा. सांगा ना बाई."

सांगा ना बाई. मी सांगितलं.

"हे माझे वडील आहेत. यांना गाणं पुरं करू दिलं नाही. दुसऱ्या कडव्याला साहेबांनी माईकची पिन काढली आणि वडिलांना खुर्च्या उचलायला लावल्या."

आवाज कापला नाही.

वाचकांनी पेपरात तोंडं घातली. ओव्या म्हणणाऱ्या बाई पण होत्या, त्यांनी मासिकाचं पान उलटलं. फक्त उर्दूचे मास्तर चष्मा काढून उठले. "सच बोल रही है, मॅडम. मैं यहीं था."

मॅडमनी हातातलं रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "हा संस्थेचा अंतर्गत विषय आहे." आणि पुढच्या कपाटाकडं गेल्या.

त्या गेल्यावर मी स्टुलावर चढून तो फलक काढला. मला कुणी अडवलं नाही. गुंडाळून घरी आणला. अण्णांनी तो पाहिला, सगळं ऐकलं आणि भडकले. इतकं भडकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"कोणी सांगितलं होतं तुला? जन्मभर पोती कशाला उचलली मी? माझ्यापायी नोकरी घालवती का?"

"तुमच्यापायी नाही, अण्णा," मी म्हणाले. "माझ्यापायी."

ते भिंतीकडं तोंड करून बसले. रात्रीचं जेवले नाहीत. अजूनही माझ्याशी मोजकंच बोलतात. गाणं तर नाहीच.

दोन दिवसांनी कार्यकारिणीनं बोलावलं. मला खुर्ची दिली नाही. मी एक ओढून घेतली आणि बसले. अध्यक्षांचा सूर गोड होता. "तुमचं मन इथं लागत नाही असं दिसतंय. राजीनामा देऊन टाका. सन्मानानं जा."

"राजीनामा देणार नाही," मी म्हणाले. "काढायचं तर काढा. पण कारण लेखी द्या. आणि कारण खरं लिहा."

ते कारण त्यांनी अजून लिहिलेलं नाही. लिहितील, किंवा दुसरंच काही शोधतील. किल्ल्या मागून घेतील, पगार अडवतील, मला माहीत आहे. नवऱ्याला अजून काम नाही, तेही मला माहीत आहे.

तोवर त्या टेबलामागं मी बसणार. जातपात कुणी आणली असं कुणी विचारलं, तर पिन कुणी काढली ते सांगणार. जो विचारील त्याला. नाव घेऊन.