खंडेनवमीचे पेढे

चाकणच्या एका कंपनीत मी दवाखाना चालवते. तिथली औषधं महिनाअखेरीला संपतात, किस्से मात्र साठतच जातात. माझ्या बहुतेक किश्श्यांत एकच खानदान असतं, ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंचं. तपासणीचा रंग लावला की सूक्ष्मदर्शकाखाली हे जांभळे दिसतात. मी त्यांना चांगली ओळखून आहे.

*

बाळासाहेब गाडे आमचे जुने ऑपरेटर, गावठाणातले. पत्र्यानं हात कापला, तरी धनुर्वाताचं इंजेक्शन घेईनात. म्हणाले, "गंजलेला असता तर गोष्ट येगळी. पत्रा नवाकोरा हाय, मॅडम."

मी सांगितलं की हा जंतू गंजात नाही, मातीत आणि शेणात राहतो. शिफ्ट सुटल्यावर तुम्ही गोठ्यातच जाणार ना? त्यांनी मुकाट्यानं दंड पुढे केला. दुसऱ्या दिवशी सगळी भावकी इंजेक्शनला घेऊन गेटवर हजर!

*

एका सुपरवायझरचा घसा सुजला. स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग होता. कोर्स अर्धा सोडलात तर पुढे हृदयाच्या झडपांवर बेतू शकतं, हे मी बजावून सांगितलं. जरा बरं वाटताच साहेबांनी उरलेल्या गोळ्या लाइनवरच्या खोकणाऱ्यांना वाटून टाकल्या.

मी भडकले, तर शांतपणे म्हणतात, "मॅडम, वेस्टेज झीरो केलं." याच माणसाला कायझेनचं, म्हणजे कामातल्या सुधारणेचं, बक्षीस मिळालं होतं.

*

एकाच रूमवर राहणारी पोरं गळवं घेऊन येऊ लागली. एकाचं बसलं की दुसऱ्याला. हे स्टॅफिलोकोकसचं काम. चौकशी केली, तर सगळ्यांत मिळून टॉवेल एकच! मी ओरडल्यावर त्यांनी प्रत्येकी एक नवा घेतला. पण ऑफर होती म्हणून सगळे एकाच रंगाचे.

*

पू तपासायला चिंचवडच्या लॅबकडे गेला की एचआरचा फोन ठरलेला. रिपोर्ट आजच हवा, लॅबवाल्यांना ओव्हरटाइम देऊ म्हणतात. वाढायला वेळ जंतूंना लागतो, लॅबला नाही. मी म्हणते, "जंतूंना विचारून सांगते."

*

आता खंडेनवमीचं. त्या दिवशी आमच्याकडे मशीनची पूजा होते आणि पेढे वाटतात. खवा आटवतात कँटीनच्या मालनमावशी, बीडकडच्या. त्यांच्या एकटीच्या पगारावर घर चालतं. एका वर्षी प्लँट हेडना हौस आली. "पेढे मी वळणार," म्हणाले, आणि आदल्या संध्याकाळी बाह्या सरसावून बसले. पेढ्यांची परात रात्रभर मशीनपुढेच राहिली, नैवेद्य म्हणून.

सकाळी पूजा झाली, पेढे वाटले आणि दुपारच्या आत अर्धी शिफ्ट उलट्या करत माझ्या दारात. सुदैवानं संध्याकाळपर्यंत सगळे सावरले. एचआरनं निकाल देऊनही टाकला, की खवा शिळा होता, मावशींना काढा. मावशी कँटीनच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसल्या होत्या. मला ते बघवेना.

मी प्लँट हेडकडे गेले. रिपोर्ट येईपर्यंत कुणाला काढू नका, म्हटलं. उरलेले पेढे लॅबला जातायत, आणि पेढ्यांना ज्यांचे ज्यांचे हात लागले त्या सगळ्यांचे नमुने हवेत. त्यांनी हात पुढे केला. अंगठ्याला नखुरडं होतं, पिवळं, ठसठसणारं.

मी विचारलं, "यावर पट्टी नव्हती?"

"होती. देवाचं काम म्हणून सोवळ्यासाठी काढून ठेवली."

रिपोर्ट आला. मावशींच्या हातांवर काही सापडलं नाही. पेढ्यात आणि साहेबांच्या अंगठ्यात मात्र तेच जांभळे स्टॅफिलोकोकस, घोसाघोसानं. साहेबांनी कागद वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते भरल्या कँटीनमध्ये उभे राहिले. "पेढे माझ्या हातानं बिघडले. मावशींची काही चूक नाही. त्या इथेच राहतील," एवढंच म्हणाले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी हसलंही नाही. मग ते ताट घेऊन रांगेला लागले. नंबर आल्यावर सवयीनं त्यांचा हात आमटीच्या पळीकडे गेला.

मावशींनी पळी अलगद बाजूला घेतली.

"तुमी नका हात लावू, साहेब. तुमाला म्या वाढते."