चिंचेखालची अठरा हात जागा

माघ शुद्ध पंचमी, सकाळी नऊचा सुमार. रक्कम दहा आणे. हजर तिघे: संगमाकाठच्या गावचे पाटील, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांचा कोतवाल, आणि मी. चिंचेचे एक जुने झाडही हजर होते, पण त्याला कोणी काही विचारले नाही, आणि पुढचा सगळा घोटाळा तिथूनच झाला.

दहा आण्यांपैकी आठ आणे दोन गाड्यांच्या जागेचे. उरलेले दोन कोतवालाला, महाशिवरात्रीपर्यंत माझ्या खुंट्यांवर नजर ठेवण्याबद्दल. आमची गाडी एकच होती. पण एका गाडीच्या जागेत गाडी, दोन बैल, चूल आणि झोपायला चार माणसे बसत नाहीत, हे मी बोदवडला घरीच कागदावर काढून पाहिले होते. चौथे माणूस म्हणजे मावशी. हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. ती तापीच्या पलीकडे केळीच्या मुलखात दिलेली, आई अलीकडे. दोघींची भेट वर्षातून एकदा, तापी-पूर्णेच्या संगमावरच्या यात्रेत, याच चिंचेखाली. असे किती वर्षे चालले होते ते दोघींनाही सांगता येत नसे. आई म्हणे माझ्या जन्माआधीपासून, मावशी म्हणे त्याच्याही आधीपासून. मावशीच्या गावचे लोक तिला गाडीतून चिंचेशी उतरवून पुढे आंघोळीला जात, आणि यात्रा उलगली की तिथूनच उचलून नेत. अलीकडे तिची नजर गेली होती. उजेड आणि अंधार एवढेच कळे. चिंचेखाली जो आधी चूल पेटवील त्याची जागा, अशी तिथली जुनी वहिवाट. आदल्या वर्षी आम्हाला निघायला उशीर झाला आणि तिथे एका हलवायाने कढई मांडली. त्याने मावशीला गर्दीत दुसरीकडे नेऊन बसवले, आणि दोघी बहिणी दोन दिवस एकमेकींना शोधत राहिल्या. भेट झाली ती तिसऱ्या दिवशी, परतीच्या गाडीत चढता चढता. आईने घरी येऊन एवढेच सांगितले, "पुढच्या खेपेला जागा नसली तर मी येत नाही. तिला अशी हिंडवायला मी काही तिची वैरीण नाही."

म्हणून मी तीन आठवडे आधीच जाऊन उभा राहिलो. भांडणे वाढल्यामुळे त्या वर्षापासून आबांनी चार आण्याला एक गाडी अशी जागा नेमून द्यायला सुरुवात केली होती. मला ही पद्धत फार आवडली.

दोरी मी बरोबर नेली होती. कोवळे ऊन होते आणि चिंचेची सावली पश्चिमेला दाट, गार पडली होती. ती मी मोजली. लांबी अठरा हात, रुंदी चौदा हात. तिच्या चार कोपऱ्यांवर चार खुंट्या ठोकल्या. बुंधा माझ्या चौकोनाच्या पूर्वेला अर्धा हात बाहेर राहिला. त्याचे मला काही वाटले नाही.

आबा पाहत होते. म्हणाले, "भाऊ, खुंट्या सावलीले काहून ठोकू राह्यले? झाडाले धरा ना."

मी म्हणालो, "आबा, बुंध्यावर काही झोपता येत नाही. मला सावली पाहिजे."

आबांनी कोतवालाकडे पाहिले. कोतवालाने नदीकडे पाहिले.

"बरं बाप्पा," आबा म्हणाले. "तुमचा हिशोब तुमच्यापाशी."

मी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करणारा माणूस. काट्यावर ठेवलेली वस्तू हलत नाही, निदान हलू नये, या समजुतीत माझी वीस वर्षे गेली होती. एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल.

घरी आल्यावर मावशीला कार्ड टाकले. मजकूर असा: "जागा पक्की केली आहे. चिंचेच्या पश्चिमेस, अठरा हात लांब, चौदा हात रुंद, चारी कोपऱ्यांस खुंट्या. तिथेच बसावे." कार्ड मी दोनदा वाचले. त्यात चूक नव्हती.

मग दमणी सजवली. दमणी म्हणजे आमची छपराची बैलगाडी, वर बांबूच्या तट्ट्याचे छप्पर आणि मागे पडदा. खाली कडबा, त्यावर गोधडी, त्यावर घोंगडी. आसाच्या एका बाजूला कंदील आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचा डेरा टांगला, म्हणजे तोल राहतो. पीठ, डाळ, तिखट, मीठ यांच्या पिशव्यांना छपराच्या आतून खुंट्या केल्या. पोळपाट ठेवायला खाच केली. बायको ते सगळे पाहून म्हणाली, "घरातल्या फळीचा खिळा दिवाळीपासून निघाला आहे. मी आता गाडीतच राहायला जाते."

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. मी हाकायला, आई आणि बायको आत. रस्ता चांगला होता. आई वाटेत तीनदा म्हणाली की मावशीला तिळाची चटणी आवडते, आणि तिन्ही वेळा चटणीची पिशवी हाताने चाचपून पाहिली. दुपारी तीनला संगमावर पोचलो. माझ्या चारी खुंट्या जिथल्या तिथे होत्या. कोतवालाने दोन आणे हलाल केले होते.

फक्त सावली नव्हती.

चौकोनात ऊन होते. चारी कोपऱ्यांपर्यंत सारखे, कुठे कमी नाही की जास्त नाही. सावली बुंध्याच्या पलीकडे, पूर्वेला गेली होती, आणि तिथे शिंदखेड्याकडच्या एका बैलांच्या व्यापाऱ्याने तीन गाड्या आडव्या लावून आपले बिऱ्हाड मांडले होते. त्याच्या गाड्यांच्या भिंतीपलीकडून बैल रवंथ करताना ऐकू येत होते.

आई गाडीतून उतरली. तिने वर आभाळाकडे पाहिले, खाली खुंट्यांकडे पाहिले.

"दहा आण्यांचं ऊन घेतलंस होय रे?" ती म्हणाली. "घरी फुकट होतं की."

बायकोने तोंडाला पदर लावला, आणि मला तेवढे पुरे झाले.

पण चेष्टा तेवढ्यावर थांबली, कारण मावशी कुठे दिसेना. नदीपलीकडच्या गाड्या आदल्या संध्याकाळीच आल्याचे शेजारच्या माणसाने सांगितले. म्हणजे मावशीला येऊन रात्र उलटली होती. माझ्या चौकोनात तर कोणी बसल्याची खूण नव्हती. मी चौकोनातून निघालो आणि नदीच्या उतारापर्यंत, तिथून देवळापर्यंत, तिथून हलवायांच्या रांगेपर्यंत जाऊन आलो. अशा तीन फेऱ्या केल्या. दर फेरीला आई उन्हात गाडीच्या चाकाशी बसलेली दिसे, आणि दर वेळी विचारी, "मिळाली?" तिसऱ्या वेळी बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला तो आईने तसाच बाजूला ठेवला.

"मागच्या सालासारखंच झालं. तिच्या जागेवर परक्याचं बिऱ्हाड, तिला कुठं नेऊन बसवलं कोण जाणे," ती म्हणाली. "तिला दिसत नाही आणि आपल्याला सापडत नाही."

मी जागेबद्दल आबांनी लिहून दिलेली चिठ्ठी खिशातून काढून वाचली. त्यात चूक नव्हती. त्या चिठ्ठीचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता.

पाचच्या सुमारास बायकोने चूल मांडली. उघड्या जागेत वारा होता. सहा काड्या गेल्या. आई उठली, म्हणाली, "राहू दे. मी शेजारून विस्तव आणते," आणि खापराचा तुकडा घेऊन बैलवाल्याच्या गाड्यांना वळसा घालून पलीकडे गेली. आमच्याकडे शेजाऱ्याला विस्तव मागायला ओळख लागत नाही.

ती लवकर आली नाही. मग पलीकडून एक ओळखीचा खणखणीत आवाज ऐकू आला.

"कोण हाये? इस्तव न्यायले आली का मले न्यायले?"

मी धावलो. बुंध्याच्या पूर्वेला चिंचेचे एक मूळ जमिनीवर आले आहे, पाटासारखे. त्यावर मावशी बसली होती. मांडीवर सूप, सुपात वाटाण्याच्या शेंगा, आणि ती त्या बैलवाल्याच्या बायकोसाठी सोलत होती. आई तिच्याजवळ खाली बसली होती. खापरातला निखारा काळा पडत चालला होता आणि दोघींपैकी एकीचेही तिकडे लक्ष नव्हते.

म्हणजे आम्ही दोन तास एकाच झाडाखाली होतो. मध्ये तीन गाड्या, अकरा बैल आणि माझी मोजणी.

"मावशी, कार्ड नाही मिळालं?" मी विचारले.

"मियालं. मास्तरानं वाचून बी दाखवलं." मावशीने शेंग मोडली. "चिंचेच्या पश्चिमेस म्हने. मले पश्चिम कोठी दिसते रे बाप्पा? मले हे मूळ समजते. मी अठीच बसते, हे तुह्या मायले माहीत, चिंचेले माहीत. तुलेच काहून नाही माहीत?"

बैलवाला पुढे आला; त्याला सगळे नाना म्हणत. धिप्पाड, हसरा माणूस. "भाऊ, या माय कालदिन संध्याकाये ईसन आठे बठन्यात," तो म्हणाला. "म्हनन्यात, मनी बहीन येनार शे, मी हालाव नई. मंग काय, आमीच बैल सरकाडात."

त्याची बायको, तिला मी अक्का म्हणू लागलो, हसून म्हणाली, "रातले जेवन्यात, सकायले माले शिव्या दिन्यात. भाजीमा मीठ कमी शे म्हने."

मी नानाला म्हणालो की जागा बदलून घेऊ, फरकाचे काय ते मी देतो. तो माझ्या चौकोनाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तुमनी जागा सकायले कशी ऱ्हास?"

"सकाळी? गार," मी म्हणालो. "नऊ वाजता तर फार गार."

"मंग बदलवानं काय काम? सावली का कोना बापनी शे?"

आणि तसेच झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नानाचे अकरा बैल, तीन गाडीवान आणि अक्काची चूल माझ्या चौकोनात आली, आणि दुपारी आम्ही सगळे उठून पलीकडे गेलो. तीन दिवस आमची दोन बिऱ्हाडे चिंचेभोवती अशी फिरत होती. बारा वाजले की बायको पोळपाट उचली आणि अक्का तवा उचली. गिऱ्हाईक नानाला सकाळी पश्चिमेला पाहून जाई आणि दुपारी बैलाचा भाव ठरवायला आले की त्याला तिथे नुसत्या माझ्या खुंट्या सापडत. हलल्या नाहीत त्या फक्त दोघीच, आई आणि मावशी. त्या मुळावर बसून होत्या. सकाळी उन्हात बसता का, म्हटले तर मावशी म्हणाली, "आमाले बोलायले सावली लागत नाही."

काय बोलत होत्या ते मी ऐकले नाही. एकदा पाणी द्यायला गेलो तेव्हा विषय तिळाच्या चटणीचा होता आणि मावशीच्या मते त्यात लसूण जास्त झाला होता.

यात्रा उलगली त्या सकाळी मी आबांकडे गेलो. बरोबर नाना होता. आबांनी वही काढली.

"पुढच्या सालाची जागा का? मोजायची दोरी आणली?"

"नाही आणली," मी म्हणालो. "चिंच लिहा. चहूबाजूंनी."

"आता समजलं भाऊले," आबा कोतवालाला म्हणाले. या वेळी कोतवालाने नदीकडे पाहिले नाही, सरळ हसला.

दिलेली रक्कम अशी. आबांना पुढच्या वर्षीच्या चार गाड्यांच्या जागेचा एक रुपया, त्यात आठ आणे माझे आणि आठ आणे नानाचे. कोतवालाला चार आणे, त्यातही निम्मे निम्मे. खुंट्या नव्हत्या, पण नजर ठेवायला झाड होते. अक्काला मावशीच्या जेवणाचे पैसे देऊ लागलो ते तिने घेतले नाहीत. मावशीने आपल्या गाठोड्यातून केळीच्या दोन फण्या काढून तिच्या ओटीत टाकल्या, त्या घेतल्या. शेवटी मावशीने गाडीत चढण्याआधी कनवटीचा एक पैसा काढला आणि हाताने चाचपत त्या मुळाच्या खाचेत ठेवला. तो पुढे कोणी उचलला ते मला माहीत नाही. माझ्या टिपणात तो चिंचेला दिला म्हणून लिहिला आहे.