लांबीमास्तराचं कपाट

सगळी गल्ली त्याला लांबीमास्तर म्हणायची. तो रंगारी होता, पण लाकडातल्या भोकांत लांबी, म्हणजे रंगाआधीची पुट्टी, भरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. ती सारखी करायची पत्री-बित्री काही नको, डाव्या अंगठ्याने दाबलं की काम झालं. त्या अंगठ्याचं नख हातोडी बसून मधोमध दुभंगलेलं होतं. "गिऱ्हाइकाला वरून दिसतं तेवढंच," असं तो ऐटीत सांगायचा.

त्याच्या मुलीने शिवणकामाचं दुकान काढलं आणि फळीवरचा एका गिऱ्हाइकाचा कोट वाळवीने खाल्ला. ते गिऱ्हाईक दारात उभं राहून नाही नाही ते बोलून गेलं. पुन्हा असं झालं, तर दुकानाला कुलूपच. म्हणून बापाने भंगारातून एक जुनं कपाट स्वस्तात उचललं आणि उरलेल्या पैशांत पॉलिश पेपर, लांबीचा डबा नि थोडा रंग आणला.

कपाटाचं दार उघडलं आणि त्याला उमासाच आला. कोपऱ्याकोपऱ्यात झुरळांची अंडी, कप्प्यांवर तेलाचा चिकट थर, त्यात रुतलेले कुणाचे तरी केस. "शी! माणसं राहत होती का जनावरं?" तोंडाला फडकं बांधून त्याने ते खरवडलं. बादलीतलं पाणी तीनदा बदललं, तिन्ही वेळा काळंकुट्ट.

मग रंग खरवडायला घेतला, तर तळाच्या फळीतून लांबीचे पोपडे सुटले. आत नुसता भुसा, आणि भुशात वळवळणारी पांढरी वाळवी. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. "कुणी केलं हे काम? हात झडोत मेल्याचे! कीड आत ठेवून वरून लिंपलंय!"

"बाबा, शिव्या जरा पुरवून वापरा," मुलगी मशीनवरून म्हणाली. "मागची बाजू राहिलीय अजून."

तेवढ्यात लांबीचा एक अख्खा तुकडा त्याच्या हातात आला. त्यावर अंगठ्याचा ठसा होता आणि ठशाच्या टोकाला नखाची खूण, मधोमध दुभंगलेली. त्याने आपला अंगठा त्यावर ठेवला. चपखल बसला.

एका फर्निचरवाल्याकडे त्याने अशी कपाटं ढिगाने लिंपली होती. कुणाच्या घरी गेली, त्यांच्या कपड्यांचं काय झालं, कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. झुरळांची किळस नाकापाशी थांबली होती. ही पोटात उतरली.

नवा डबा शेजारीच होता. तासाभरात भोकं बुजली असती, पोरीला पत्ताही लागला नसता.

"काय हो, गप्प का झालात? सापडला का तो कारागीर?"

"सापडला." त्याने तुकडा आणि अंगठा दोन्ही तिच्यापुढे धरले.

तिने त्या खुणेवरून बोट फिरवलं. "मग आता?"

"करवत दे. सडलंय तेवढं कापून टाकतो. बुटकं होईल कपाट."

"होऊ दे."

तिने लांबीचा डबा उचलून दाराबाहेर नेऊन ठेवला. त्याने हात नाकाशी नेला. तीस वर्षं त्या हाताने तो जेवत आला होता, पण लांबीचा वास आज पहिल्यांदा आला.

"आधी साबण दे," तो म्हणाला.