कोल्हारच्या रस्त्यावरचा जावई

लढाई संपली त्या सालची गोष्ट. कोल्हारजवळ आमची सर्व्हिस मोटार थांबली, कारण भर रस्त्यात एक मेंढी व्यायला बसली होती आणि तांबडं पागोटं बांधलेला एक धनगर दोन्ही हात पसरून मोटारीला आडवा उभा होता.

“गप ऱ्हावा समदे! जावयाचं पयलं लेकरू हाय!” त्यानं आम्हा उतारूंना दटावलं.

जावई बाभळीखाली धापा टाकत होता. सरकारी फार्मावरून आणलेला, मऊ लोकरीचा धिप्पाड मेंढा!

“पोरीसाठी बी येवढी स्थळं बघितली न्हाईत,” धनगर मला म्हणाला. “कोकरू अंगानं दांडगं अन् लोकरीनं मऊ व्हाया पायजे.”

“न्हाईतर जावई उद्या बाजारात!” त्याची बायको कडाडली. “लई खातंय मेलं!”

कोकरू आलं! आम्ही सगळे ओणवे झालो. मेंढीनं ते चाटून काढलं, धनगरानं धोतराच्या सोग्यानं पुसलं. एवढं दांडगं कोकरू मी पाहिलं नव्हतं. धनगरानं त्याच्या लोकरीवर फुंकर मारली, ती गालाला लावली आणि डोळेच मिटले. मग त्यानं कोकरू बायकोच्या हाती दिलं.

तिनं ते एका गालाला लावलं, मग दुसऱ्याला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत होतो!

माणसांच्या पुष्कळ लग्नांत मी जेवलोय, पण असा मानपान कुठं पाहिला नाही. बाई फडक्यातली भाकरी घेऊन बाभळीखाली गेली, मेंढ्यासमोर डोक्यावरचा पदर नीट पुढं ओढला आणि हळूच म्हणाली, “घ्या की, जावईबापू.”