सफारीची शिलाई

शी! त्या फुग्याचं नाव काढलं तरी मला मळमळतं. ह्या हिवाळ्यात आमच्या नांदेडला सिडकोच्या चौकात भला मोठा बॅनर लागला होता. ‘विष्णुपुरीत प्रथमच! हॉट एअर बलून सफारी!’ चित्रात फुगा चाललाय डोंगरावरून, खाली हरणांचा कळप पळतोय. विष्णुपुरीला कुठली आली हरणं? तिथं धरण हाय, इंजिनिअरिंगचं कॉलेज हाय अन् भज्याचे गाडे हायेत. लोकं मात्र तोंडं वर करून त्या बॅनरसोबत फोटो काढून राहिले होते.

मी उज्वला. ग्यानोबा मामांच्या टेलरिंगच्या दुकानात कोपऱ्यात माझी मशीन. साड्यांना पिको-फॉल करते, ब्लाउज शिवते. ते काही माझे सख्खे मामा न्हाईत. अकरा सालाखाली काम शिकायला म्हणून गेले अन् तिथंच राहिले.

मामा मूळचे भोकरकडचे. शेती भावाकडं सोडून शिलाई शिकले अन् नांदेडला आले. एका जमान्यात सफारी सूट म्हणलं की मामाच. हेडमास्तर, ग्रामसेवक, बँकेचा मॅनेजर, ज्याच्या त्याच्या अंगावर मामांच्या हातची राखाडी न्हाई तर बदामी सफारी. आता ती घालणारे एक तर रिटायर झाले न्हाई तर वर गेले. दुकानात राहिलं काय, तर जीन्स आखूड करणं अन् पॅन्टची चेन बदलणं. पण माणूस लई खडूस. शिवलेलं कापड दोन्ही हातांत धरून असं खेचणार की गिऱ्हाइकाचाच जीव कासावीस व्हावा. टाका जरा ढिला दिसला की ब्लेड घेतलं अन् सगळं उसवलं. माझं शिवलेलं तर किती बार उसवलं त्याला गिनती न्हाई. एकदा एका नवरीचं ब्लाउज ऐन हळदीच्या सकाळी उसवलं. नवरीची आई रडायला लागली, हे आपले मान खाली घालून परत शिवत बसले. “घाईतलं काम माझ्या दुकानाबाहेर जाणार न्हाई,” म्हणे. असल्या वक्ताला मला त्यांचा लई राग यायचा.

बॅनर लागला तशी दुकानात रोज तीच पंचायत, माणसी आठशे देऊन फुग्यात बसावं का न्हाई. शेजारचा मोबाईलवाला बजरंग म्हणायचा, आठशेत रील होते, परवडलं. एक गुरुजी म्हणायचे, त्यापेक्षा मी गच्चीवर चढतो. मामा एक दिवस जाऊन बघून आले अन् दुकानासमोर पचकन थुंकले.

“कसली सफारी न् कसलं काय! चारी बाजूनं दोरखंड बांधलेत. दाव्याला बांधलेल्या म्हशीवानी जागच्या जागी डुलतंय. पाच मिनिटं वर, मंग खाली. अन् बसायला काय, तर डालगं. कोंबड्या झाकतो तसलं.”

पण मामींनी हट्ट धरला. मामी म्हणजे मामांची बायको, केवळाबाई. साठीची बाई, गुडघ्यानं बेजार, तरी रोज दुपारी डबा घेऊन चालत यायची. ह्या बाईनं कधी काही मागितलेलं मी ऐकलं न्हाई. साडीसुद्धा मामा आणतील ती. त्या दिवशी डबा उघडता उघडता म्हणाली, “मला बसायचंय त्या फुग्यात.”

“येड लागलं का? आठशे रुपयाला पाच मिनिटं?”

“लागू द्या. देव वरून बघतो म्हणतेत. काय दिसतं त्याला, ते बघू द्या मला एकदा.”

मामा चार दिवस “परवडत न्हाई, परवडत न्हाई” करत राहिले. मामी चार दिवस डबा ठेवून न बोलता माघारी गेली. पाचव्या दिवशी मामांनी रविवारचं तिकीट आणलं अन् तिच्या पुढ्यात टाकलं. बाईचं तोंड असं खुललं, काय सांगू! मला म्हणाली, “उज्वला, त्या हिरव्या साडीला फॉल लावून दे गं, तीच नेसते.”

शुक्रवारी दुपारी दुकानासमोर टेम्पो थांबला. फुगेवाल्या कंपनीचा मॅनेजर उतरला, आदिनाथ नावाचा. डोळ्याला काळा चष्मा, तोंडात च्युइंगम, बघूनच किळस यावी असा गुळगुळीत माणूस. टेम्पोत फुग्याचं कापड कोंबलेलं. त्यातला खालच्या तोंडाजवळचा फाटका भाग त्यानं ओढून मामांच्या कट्ट्यावर पसरला. चांगलं हातभर फाटलं होतं.

“काका, एवढं शिवून द्या. अर्ध्या तासाचं काम आहे.”

मामांनी कापड बोटात चुरगाळून बघितलं, फाटलेल्या कडंला नख लावलं, मंग चष्मा काढून ठेवला. “हे कापड कोणतं, ह्याला दोरा कोणता लागतो, मला ठावं न्हाई. ज्याला ठावं हाय त्याच्याकडं न्या.”

“अहो, हैदराबादला पाठवलं तर आठ दिवस जातील. परवा रविवार आहे, बुकिंग घेतलंय. काही होत नाही हो काका, चालतं.”

“शर्टाची टीप सुटली तर माणूस लाजतो. ह्याची सुटली तर मरतो. मी न्हाई शिवणार.”

“डबल पैसे देतो.”

“कट्ट्याच्या खाली उतर आधी!” मामा असे वरडले की बजरंग मोबाईल टाकून पळत आला. मंग मामांनी चप्पल घातली अन् घरी गेले, मामीला सांगायला की तिचं जाणं रद्द.

आता माझं सांगते. ऐकून तुम्हाला माझी किळस आली तर येऊ द्या, मला तर कवाची आलीय.

मामा गेले तसा तो आदिनाथ माझ्याकडं वळला. “ताई, काका म्हातारे झाले, घाबरतात. तुमचा हात मात्र चांगला दिसतो. तुम्हाला जमेल?” अकरा सालात माझा हात चांगला हाय म्हणून कुणी म्हणलं नव्हतं. जे शिवलं ते मामांनी उसवलेलंच मला दिसलं होतं. पैशाचा मोह नव्हता असं न्हाई, पण खरं सांगायचं तर मी त्या एका शब्दाला भुलले. टेम्पो माझ्या घरी न्यायला लावला. घरच्या मशीनवर शाळेच्या दप्तराचा नायलॉन दोरा लावला अन् दुहेरी टीप मारली. मामा खेचतात तसं खेचून बघितलं. सुटलं न्हाई. पण वर आग पेटल्यावर ह्या दोऱ्याचं काय होतं, हे मला कुठं माहीत होतं? विचारलं तर तो च्युइंगम चघळत म्हणाला, “काही होत नाही.” मी पैसे घेतले.

इकडं मामीनं दोन दिवस तोंडात घास घातला न्हाई. रविवारी सकाळी मामा हरले. “चल, निदान खालून तरी बघ,” म्हणले, अन् मला बी सोबत घेतलं. मामी हिरवी साडी नेसली होती. मैदानावर ही गर्दी! गाणी, कुरकुरे, सेल्फी, अन् मधी ती आग भर्रर्र करून पेटायची की लोकं शिट्ट्या मारायचे.

आदिनाथनं मामांना वळखलं अन् हसत पुढं आला. “काका, दुरुस्त झालं बरं का. हैदराबादहून कंपनीचा माणूस आला होता. सर्टिफिकेट आहे.” माझ्याकडं त्यानं बघितलं सुदिक न्हाई. असा धडधडीत खोटारडेपणा! अन् मी तिथंच उभी, तोंडाला कुलूप लावून.

मामा मामीकडं बघत राहिले. मंग मला म्हणाले, “माझ्या डोळ्याला लांबचं दिसत न्हाई. तुझी नजर तेज हाय. जवळ जाऊन बघ जरा, टीप कशी हाय.”

मी गेले. माझीच टीप मी बघून आले.

“चांगली हाय मामा. दुहेरी हाय.”

“मंग काय म्हणतीस? बसू द्यावं का तिला?”

ह्या माणसानं आजवर मला कधी काही विचारलं नव्हतं. तवा सांगायचं होतं. जीभ झडली न्हाई माझी त्या वक्ताला, हेच नवल. मी म्हणाले, “बसू द्या.”

मामी त्या डालग्यात चढली. फुगा उचलला. तिच्यासंगं आणखी तिघं, एक लहान पोरगी बी होती. ती पाच मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत. आग पेटली की माझी नजर त्या टिपंवर. देवाचं नाव बी येईना तोंडात, कोणत्या तोंडानं घेऊ?

काही झालं न्हाई. फुगा खाली आला. मामी उतरली ती गुडघे विसरून, लहान पोरीवानी हसत. “आवो, केवढं पाणी हाय धरणात! अन् तुम्ही दोघं मुंगीएवढे! पैसे फिटले बघा माझे, पैसे फिटले!”

मामांना असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. त्यांनी खिशात हात घातला. “चल उज्वला. आता आपण दोघं बी बसू. तुझं तिकीट माझ्याकडनं.”

मी दोन पावलं मागं सरले. “नको मामा.”

“का गं? भ्याली का?”

“नको. तुम्ही बी नका बसू.”

“आँ? तूच तर म्हणालीस टीप चांगली हाय.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “मला भरोसा न्हाई त्या टिपंचा.”

मामांचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी फुग्याकडं बघितलं, मंग खाली माझ्या हाताकडं बघितलं, बराच वेळ. आवाज चढवला न्हाई. मामीला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू विचारलं, “तुझी मामी बसली, तवा होता का भरोसा?”

त्याला तीन महिने झाले. माझी मशीन अजून मामांच्या दुकानातच हाय. मी आणायला गेले न्हाई.