कळशीच्या मापानं

वेल्ह्यात ज्यांच्या ओसरीवर बसून मी अभ्यासासाठी झाडांची पानं फोटोवरून लॅपटॉपवर मोजायचो, त्यांचं नाव कधी विचारलं नाही; मावशी म्हटलं की भागायचं. फोटोत पानाशेजारी ठेवलेल्या नाण्याचं माप दिलं की लॅपटॉप पान मोजतो, हे त्यांनी पाहून ठेवलेलं.

एकदा त्यांनी लहानपणीच वारलेल्या लेकाचा फोटो आणला. तो कळशीशेजारी उभा होता. तीच कळशी आता त्यांच्या कडेवर होती.

"चेहरा हाय ह्यात. पर माज्या कुठवर यायचा, त्येच इसरले."

मी कळशी मोजली, लॅपटॉपला फोटो आणि माप दिलं. तोवर मावशींनी त्याच्या उंचीच्या अंदाजानं दाराच्या चौकटीवर हात टेकवला होता. मापाप्रमाणे ओढलेली माझी खडूची रेघ त्यांच्या हाताच्या बरीच खाली आली.

"एवढाच हुता व्हय?"

हात मात्र त्यांनी खाली घेतला नाही.